काळ्या समुद्रातील युद्ध आणि लातूरचा सौदा

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि पुढच्या काही आठवड्यांत लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव क्विंटलमागे सात हजारांच्या वर गेला. जून उजाडला तेव्हा डीएपी खताची गोणी मिळवण्यासाठी त्याच सोयाबीन उत्पादकांना कृषी सेवा केंद्रांत खेटे घालावे लागत होते, आणि दिवाळीच्या सुमारास नवा माल मोंढ्यात आला तेव्हा भाव पुन्हा पाच हजारांच्या आसपास आलेला होता. जगाच्या बाजारात या युद्धाने आणलेली तेजी मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकापर्यंत किती पोहोचली, किती दिवस टिकली आणि मध्येच ती कोणी अडवली, हे या प्रकरणात तपासायचे आहे. त्यासाठी आधी युद्ध का झाले ते पाहणे भाग आहे, कारण त्याची कारणे अपघाती असती तर तेजीही तात्पुरती समजता आली असती. पण ती तशी नव्हती.

चढाईमागची कारणे

सोव्हिएत संघ मोडकळीला आलेला असताना २४ ऑगस्ट १९९१ रोजी युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केले आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला झालेल्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्याला कौल दिला. त्यानंतर ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे झालेल्या समझोत्यानुसार युक्रेनने आपल्या भूमीवर उरलेली सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून दिली आणि त्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याची ग्वाही दिली. ग्वाही मोडली तर काय, याची तरतूद मात्र त्या कागदात नव्हती.

एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत ‘नाटो’ने युक्रेन आणि जॉर्जिया कधीतरी सदस्य होतील असे जाहीर केले, पण ते कधी आणि कसे हे सांगितले नाही. संरक्षण नाही आणि संशय मात्र पुरेपूर, अशी ही घोषणा होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात युद्ध झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये युक्रेनचे तत्कालीन अध्यक्ष व्हिक्टर यानुकोविच यांनी युरोपीय संघाबरोबरच्या करारातून ऐनवेळी माघार घेतली, कीव्हच्या मैदान चौकात आंदोलन पेटले, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये यानुकोविच देश सोडून पळाले. मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला, तर पूर्वेकडील डोनेत्स्क आणि लुहान्स्क भागांत रशियाच्या पाठबळावर फुटीरतावाद्यांनी शस्त्र उचलले. मिन्स्क येथे सप्टेंबर २०१४ आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये झालेले दोन्ही समझोते कागदावरच राहिले, आणि २०२२ च्या चढाईपूर्वीच त्या भागातील लढाईत सुमारे १४ हजार माणसे मेली होती. म्हणजे २०२२ हे युद्धाचे पहिले वर्ष नव्हते. ते उघड आणि संपूर्ण युद्धाचे पहिले वर्ष होते.

जुलै २०२१ मध्ये व्लादिमीर पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असे प्रतिपादन करणारा दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्या वर्षाच्या अखेरीस युक्रेनच्या सीमेवर एक लाखाहून अधिक सैन्य गोळा झाले होते आणि ‘नाटो’ने पूर्वेकडे आणखी विस्तार करू नये, अशी लेखी मागणी रशियाने पुढे ठेवली होती. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याने डोनेत्स्क व लुहान्स्क यांना स्वतंत्र राज्ये म्हणून मान्यता दिली आणि तीन दिवसांनी ‘विशेष लष्करी मोहीम’ या नावाखाली चढाई सुरू केली.

‘नाटो’च्या विस्तारामुळे रशियाला दुसरा मार्ग उरला नाही, हे स्पष्टीकरण आपल्याकडे चहाच्या टपरीपासून विद्यापीठाच्या परिसंवादापर्यंत ऐकू येते. त्यात तथ्याचा अंश आहे, पण ते पुरे पडत नाही. याच युद्धामुळे बिचकून फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये ‘नाटो’त गेला, त्याची रशियाशी असलेली सीमा सुमारे १,३०० किलोमीटरची आहे, आणि तरीही त्याच्यावर फौज गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने डोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसन हे चार प्रांत आपल्यात सामील झाल्याचे जाहीर केले, तेही संरक्षणाच्या युक्तिवादात बसत नाही. युक्रेन हे वेगळे राष्ट्र आहे हेच मान्य नसणे आणि २०१४ मध्ये क्रिमिया फारशी किंमत न मोजता मिळाल्यामुळे या वेळीही जग चार दिवस ओरडून गप्प बसेल असा अंदाज असणे, ही दोन कारणे मला अधिक वजनदार वाटतात. तो अंदाज साफ चुकला. कीव्हकडे निघालेला लष्करी वाहनांचा लांबलचक ताफा वाटेतच अडकला, एप्रिलच्या सुरुवातीला रशियन फौजा राजधानीच्या परिसरातून मागे हटल्या, आणि काही दिवसांची म्हणून आखलेली मोहीम वर्षानुवर्षांची झाली.

जगावर झालेले परिणाम

रशिया आणि युक्रेन मिळून जगाच्या गव्हाच्या निर्यातीत सुमारे ३० टक्के आणि सूर्यफूल तेलाच्या निर्यातीत सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा उचलत होते. ओडेसा आणि आसपासच्या बंदरांतून होणारी वाहतूक चढाईबरोबर थांबली, मे महिन्यात मारियुपोल रशियाच्या ताब्यात गेले, आणि युक्रेनच्या कोठारांत दोन कोटी टनांहून अधिक धान्य अडकून पडले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्न किंमत निर्देशांक मार्च २०२२ मध्ये तोवरच्या सर्वोच्च पातळीला पोहोचला. याची झळ सर्वांना सारखी बसली नाही. इजिप्त हा जगातील सर्वांत मोठ्या गहू आयातदारांपैकी एक आणि त्याचा बहुतेक गहू याच दोन देशांतून येणारा; लेबनॉनचीही तीच गत, शिवाय बैरूत बंदरावरील धान्याचे कोठार ऑगस्ट २०२० च्या स्फोटात आधीच निकामी झालेले. तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या मध्यस्थीने २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये काळ्या समुद्रातील धान्यवाहतुकीचा करार झाला, त्याखाली वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडले, आणि १७ जुलै २०२३ रोजी रशियाने तो करार मोडीत काढला. पुढे युक्रेनने किनाऱ्यालगतचा स्वतःचा सागरी मार्ग उभा केला.

इंधनाचे तसेच झाले. मार्च २०२२ च्या पहिल्या पंधरवड्यात ब्रेंट तेल पिंपामागे १३९ डॉलरपर्यंत चढले. युरोप आपल्या आयातीतील सुमारे ४० टक्के नैसर्गिक वायू रशियाकडून घेत होता; तो पुरवठा आटत गेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिक समुद्राखालील नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या स्फोटांनी निकामी झाल्या. रशियावर निर्बंध आले, परदेशांत ठेवलेली त्याची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, आणि त्याचे तेल सवलतीत आशियाकडे वळले. भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत युद्धापूर्वी दोन टक्क्यांच्या आत असलेला रशियाचा वाटा २०२३ मध्ये एक तृतीयांशाच्या पुढे गेला. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत चढाईचा निषेध करणारा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता.

खतांचा मुद्दा आपल्याकडच्या चर्चेत मागे राहतो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. नत्रयुक्त खत म्हणजे रूप बदललेला नैसर्गिक वायूच. वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया व डीएपी बनतात, म्हणून वायू महागला की खत महागते. पालाशाचे, म्हणजे पोटॅशचे, गणित वेगळे आहे. जगातील पोटॅशच्या निर्यातीपैकी सुमारे ४० टक्के रशिया आणि बेलारूस या दोन देशांतून होत असे, आणि बेलारूसवर तर युद्धाच्या आधीपासूनच निर्बंध होते. भारताला लागणारे पोटॅश जवळजवळ सगळे आयात करावे लागते. त्यात चीनने २०२१ च्या शरद ऋतूपासूनच खतांची निर्यात आवळली होती. त्यामुळे युद्ध सुरू झाले तेव्हा खताचा बाजार आधीच तापलेला होता.

लातूरचा सोयाबीन : आधीची पार्श्वभूमी

सोयाबीन हे मराठवाड्याचे परंपरागत पीक नाही. खरिपात मूग, उडीद, ज्वारी, तूर, आणि तेलासाठी करडई, जवस, भुईमूग व सूर्यफूल, अशी इथल्या रानांची जुनी रचना होती. लातूरमध्ये आजही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे गळीत धान्य संशोधन केंद्र आहे, ते उगाच नव्हे. १९८६ च्या तेलबिया अभियानानंतर देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली, १९९८ मध्ये आयात शुल्क खाली आले, आणि तेलबियांच्या भावांचा आधार गेला. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात देशात सुमारे २५ लाख हेक्टरवर असलेले सूर्यफूल आता दोन-तीन लाख हेक्टरच्या घरात आले आहे. ज्या तेलासाठी २०२२ मध्ये आपण ओडेसाच्या बंदराकडे डोळे लावून बसलो, ते तेल देणारे पीक लातूर-धाराशिवच्या शिवारांतून आधीच उठले होते. भारत सूर्यफूल तेलाची जवळजवळ सगळी गरज आयातीवर भागवत होता आणि त्यातील सुमारे नव्वद टक्के तेल युक्रेन व रशिया यांच्याकडून येत होते.

सोयाबीनचा भाव कसा ठरतो हे समजल्याशिवाय पुढचा भाग कळणार नाही. क्विंटलभर सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल निघते आणि उरलेला बहुतेक भाग पेंड असतो, जिला बाजारात ‘डीओसी’ म्हणतात आणि जी मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे तेल महागले तरी पेंड पडली, तर सोयाबीन गाळणाऱ्या प्लांटचा भाव फारसा वाढत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेले होते, तेव्हा कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने जनुकीय सुधारित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवा हंगाम सुरू होताच भाव जवळपास निम्म्यावर आला. २० डिसेंबर २०२१ रोजी बाजार नियामक ‘सेबी’ने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार, म्हणजे पुढच्या महिन्यांतील भावाचे आगाऊ सौदे, बंद केले. तेलबियांवर साठा मर्यादाही होती. रणगाडे सीमा ओलांडून गेले तेव्हा लातूरचा बाजार अशा चारी बाजूंनी बांधलेला होता.

मार्च ते मे २०२२

तरीही भाव चढला. दहा हजारांचा भाव पाहिलेल्या शेतकऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये पाच हजारांत माल द्यायला नकार दिला होता. ज्याला शक्य झाले त्याने पोती घरात थप्पी लावून ठेवली, आणि मार्चमध्ये सात-साडेसात हजारांचा सौदा निघाला तेव्हा त्याच्याजवळ विकायला माल होता. हा फायदा कोणाला झाला, हे मात्र विचारले पाहिजे. पीक कर्जाचे नवे-जुने, सावकाराचे व्याज, मुलीचे लग्न किंवा मुलाच्या शिकवणीची फी यांसाठी ज्याला दिवाळीआधीच वजनकाट्यावर जावे लागते, त्याचा माल तेव्हा कधीच व्यापाऱ्याच्या गोदामात गेला होता. युद्धाची तेजी थांबू शकणाऱ्याला मिळाली. आणि थांबू शकणारा म्हणजे बहुधा दहा-पंधरा एकरांचा, हाताशी दुसरे उत्पन्न असलेला शेतकरी.

ही तेजी केवळ युद्धाची होती असेही म्हणता येणार नाही. ब्राझीलचा दक्षिण भाग, पॅराग्वे आणि अर्जेंटिना येथे त्या हंगामात दुष्काळ पडून सोयाबीनचे पीक घटले होते, मलेशियाच्या पामच्या मळ्यांत मजूर मिळत नव्हते, आणि २८ एप्रिलला इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच बंद केली. सूर्यफूल तेल मिळेना म्हणून गिऱ्हाईक सोयाबीन तेलाकडे वळले, आणि पाम तेलही बंद झाल्यावर सगळा भार सोयाबीनवर आला. युद्धाने आधीच कोरड्या झालेल्या गवतात काडी टाकली, एवढे म्हणणे योग्य होईल.

लातूर-नांदेडच्या किराणा दुकानांत मार्चमध्ये सूर्यफूल तेलाची पिशवी लिटरमागे दोनशेच्या आसपास पोहोचली. इथे एक गुंता आहे, जो शेतकरी संघटनांच्या भाषणांत येत नाही आणि ग्राहक मंचांच्या निवेदनांतही येत नाही. मराठवाड्यातील बहुतेक घरे सोयाबीन विकतात आणि त्याच पैशातून तेलाची पिशवी विकत आणतात; गावातला भूमिहीन मजूर तर फक्त पिशवीच विकत आणतो. तेल स्वस्त करणे हा सरकारचा उद्देश चुकीचा नव्हता. प्रश्न आहे तो किती, केव्हा आणि किती काळ, याचा.

२४ मे २०२२ रोजी केंद्राने २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन आर्थिक वर्षांसाठी दरवर्षी २० लाख टन कच्चे सोयाबीन तेल आणि २० लाख टन कच्चे सूर्यफूल तेल शुल्कमुक्त आणण्यास परवानगी दिली. त्याआधी एक दिवस, म्हणजे २३ मे रोजी, इंडोनेशियाने आपली बंदी उठवली होती. बंदीच्या काळात तिथे साचलेले पाम तेल जूननंतर बाजारात ओतले गेले आणि जगभरच्या तेलाचे भाव कोसळले. शुल्कमाफीचा निर्णय तेजीच्या शिखरावर झाला, त्याचा अंमल मात्र उतारावर होत राहिला. खाद्यतेल उद्योगाच्या आकड्यांनुसार नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या तेलवर्षात सुमारे १४० लाख टन तेलाची आयात झाली होती; पुढच्या तेलवर्षात ती सुमारे १६५ लाख टनांवर गेली. युद्धाने पुरवठा तुटला म्हणून उघडलेले दार पुरवठा पूर्ववत झाल्यावरही उघडेच राहिले.

गव्हाच्या बाबतीतही असेच घडले, पण मराठवाडा गव्हाचा मुलूख नसल्यामुळे त्यावर थांबत नाही. शतकातला सर्वांत उष्ण मार्च होऊन उत्तरेतला गहू पिचला आणि १३ मे २०२२ रोजी निर्यात बंद झाली. जालन्याच्या सळई उद्योगाने तर हीच गोष्ट आणखी वेगाने अनुभवली. युद्धानंतर भंगार आणि कोळसा महागून सळईचे भाव भडकले, घरकुलांची बांधकामे अर्ध्यावर थांबली, मे महिन्याच्या २२ तारखेपासून केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावले आणि भाव उतरले. फरक एवढाच की ते शुल्क १९ नोव्हेंबर २०२२ ला मागे घेतले गेले. पोलादवाल्यांना सहा महिन्यांत जे मिळाले, ते तेलबिया उत्पादकाला दोन वर्षांत मिळाले नाही.

खर्चाची बाजू

पेट्रोल-डिझेलचे किरकोळ दर उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत १३७ दिवस स्थिर होते. २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत ते लिटरमागे दहा रुपयांनी वाढले. नांगरट, पाळी आणि मळणी ट्रॅक्टरवर होणाऱ्या भागात याचा अर्थ सांगायला नको. मे महिन्याच्या २१ तारखेला केंद्राने डिझेलवरील उत्पादन शुल्क सहा रुपयांनी कमी केले, पण ट्रॅक्टरवाल्यांनी एकदा वाढवलेले एकरी भाडे त्यामुळे खाली आले असे गावात कोणी सांगत नाही.

खतांबाबत केंद्राने केलेली कामगिरी मान्य केली पाहिजे. खरीप २०२२ साठी स्फुरद-पालाशयुक्त खतांवर ६०,९३९ कोटी रुपयांचे अनुदान मंजूर झाले, डीएपीच्या पन्नास किलोच्या गोणीमागील अनुदान १,६५० वरून २,५०१ रुपये करण्यात आले, आणि शेतकऱ्यासाठी गोणीची किंमत १,३५० रुपयेच राहिली. म्हणजे जी गोणी ३,८५१ रुपयांना पडत होती, तिची दोन तृतीयांश किंमत सरकारने भरली. संपूर्ण वर्षाचे खत अनुदान अडीच लाख कोटींच्या पुढे गेले. युक्रेनच्या युद्धाची सर्वांत मोठी किंमत भारताच्या तिजोरीने या एका खात्यावर मोजली असावी. परंतु पोटॅशवर तेवढे कवच नव्हते. सुमारे हजार रुपयांना मिळणारी पोटॅशची गोणी सतराशेपर्यंत गेली, आणि १०:२६:२६ सारखी मिश्र खतेही महागली. किंमत बांधून दिली तरी माल बांधून देता येत नाही, हेही त्या जूनमध्ये दिसले.

औसा तालुक्यातील एका गावाच्या चौकातल्या दुकानात मृगाच्या दिवसांत झालेला हा संवाद त्या खरिपाचे चित्र पुरेसे स्पष्ट करतो. दुकानाच्या पायऱ्यांशी डीएपीच्या गोण्या नुकत्याच उतरल्या होत्या, वर फळीवर प्लॅस्टिकच्या बाटल्यांची रांग होती, आणि डोक्याला रुमाल गुंडाळलेला साठीचा शेतकरी पाकीट हातात धरून उभा होता.

“मामा, डीएपी हाय, पण चार बॅगा पाहिजेत तर संगं ह्या दोन बाटल्या घ्याव्या लागतील,” दुकानदार म्हणाला. “वरूनच लिंकिंग आलंय, आमच्याबी गळ्यात मारलंय.”

“बाटल्या काय मी पिऊ का शेठ?” शेतकरी म्हणाला. “सोयाबीनला खत पाहिजे, मला औषध नको.”

“तिकडं लढाई चालूय मामा, जहाजं येईनात.”

“लढाई तिकडं अन् बाटली माझ्या पिशवीत का?”

त्याने शेवटी दोन गोण्या आणि एक बाटली घेतली. मागणी असलेल्या खताबरोबर न खपणारे दुसरे उत्पादन माथी मारण्याच्या या प्रकाराला ‘लिंकिंग’ म्हणतात; ते बेकायदेशीर आहे, कृषी खाते दरवर्षी कारवाईचे इशारे देते, आणि टंचाईच्या प्रत्येक हंगामात ते पुन्हा उगवते. युद्धाने ते निर्माण केले नाही, त्याला सबब पुरवली.

त्या खरिपात निसर्गानेही कसर ठेवली नाही. पाऊस लांबला, मग जुलैत संततधार लागली आणि लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळी रोपे रातोरात फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली, म्हणजे महागात घेतलेले खत आणि बियाणे दोनदा मातीत गेले.

तेजीची आठवण आणि तिचा फटका

या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग युद्धाच्या दुसऱ्या वर्षी घडला. मागच्या वर्षी थांबलेल्याला सात हजार मिळाले, ही गोष्ट प्रत्येक पारावर पोहोचली होती. म्हणून ऑक्टोबर २०२२ नंतर पाच-साडेपाच हजारांचा भाव असताना मोठ्या संख्येने शेतकऱ्यांनी माल रोखून धरला. या वेळी गरजू शेतकऱ्यांनीही उसनवारी करून पोती सांभाळली. लढाई अजून चालू आहे, तेव्हा उन्हाळ्यात भाव येणारच, असा हिशेब होता. हिशेब तर्काला धरून होता, पण त्यातला एक आकडा बदलला होता. २०२२ च्या मार्चमध्ये तेल मिळत नव्हते. २०२३ च्या मार्चमध्ये बंदरांवर शुल्कमुक्त तेल उतरत होते, धान्य करारामुळे युक्रेनचे सूर्यफूल तेल पुन्हा निघाले होते, आणि ब्राझीलमध्ये विक्रमी पीक आले होते. भाव पाच हजारांच्या खाली आला. थांबलेल्याने वजनातली घट आणि व्याज दोन्ही सोसले.

वायदे बंद असल्याचा परिणाम इथे ठळकपणे दिसतो. पुढच्या चार महिन्यांत बाजार कुठे जाईल याविषयी देशभरच्या प्लांटवाल्यांचा, आयातदारांचा आणि साठेदारांचा अंदाज एका आकड्यात दाखवणारा फलकच काढून घेतलेला होता. बड्या व्यापाऱ्याला शिकागोचे आणि मलेशियाचे भाव फोनवर दिसतात. आडतीवर बसलेल्या शेतकऱ्याला दिसतो तो कालचा सौदा आणि गेल्या वर्षीची आठवण. वायद्यांत सट्टा चालतो हे खरे, पण सट्टा थांबवायचा म्हणून भावाची चाहूलच बंद केली की जो सर्वांत कमी जाणतो त्याचे सर्वाधिक नुकसान होते.

२०२३ मध्ये ऑगस्ट कोरडा गेला, नंतर पिवळ्या मोझॅकने पाने पिवळी केली, उतारा घटला, आणि तरीही भाव वाढला नाही. ही गोष्ट लातूरच्या जुन्या आडत्यांनाही नवीन होती. इथले पीक बुडाले की इथला भाव चढतो, हे त्यांचे आयुष्यभराचे गणित. पण शुल्क जवळजवळ शून्यावर असताना लातूरचा भाव लातूरचे पीक ठरवत नाही, तो काळ्या समुद्रातली आणि अर्जेंटिनाच्या पराना नदीकाठची बंदरे ठरवतात. राज्य सरकारने त्या खरिपातील सोयाबीन व कापूस उत्पादकांना दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी पाच हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. हेक्टरी दहा क्विंटल उतारा धरला तर ते क्विंटलमागे पाचशे रुपये होतात, आणि मार्च २०२२ मधल्या भावाशी तुलना केली तर तूट त्याच्या चार-पाच पट होती.

युद्धाने परत पाठवलेली मुले

शेतमालाव्यतिरिक्त मराठवाड्याचा या युद्धाशी आलेला थेट संबंध वैद्यकीय शिक्षणाचा होता. बारावीनंतर डॉक्टरीची तयारी करून घेण्याबाबत लातूरचे नाव राज्यभर आहे. परंतु २०२१ च्या ‘नीट’ला देशात पंधरा लाखांहून अधिक मुले बसली आणि ‘एमबीबीएस’च्या जागा नव्वद हजारांच्या आसपास होत्या. सरकारी जागा हुकली, खाजगीची फी झेपत नाही, मग एक-दोन एकर विकून मुलाला खार्किव्ह किंवा विनित्सियाला पाठवायचे, हा मार्ग अनेक घरांनी धरला होता. ‘ऑपरेशन गंगा’अंतर्गत सुमारे २२,५०० भारतीय परत आले, त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते आणि मराठवाड्याच्या जिल्ह्यांतील मुलेही होती. देशातील महाविद्यालयांत त्यांना सामावून घेण्याची मागणी मान्य झाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने इतर देशांतील विद्यापीठांत शिक्षण पूर्ण करण्याची मुभा दिली आणि मुले जॉर्जिया, उझबेकिस्तान, सर्बिया अशा देशांत विखुरली. त्यांचा दुसऱ्यांदा झालेला खर्च शेवटी त्याच सोयाबीनमधून निघायचा होता, हे इथे नोंदवून पुढे जातो.

२०२४ नंतर

ऑक्टोबर २०२४ च्या सुगीत लातूर, नांदेड आणि हिंगोलीच्या बाजारांत सोयाबीन चार ते साडेचार हजारांत विकले जात होते, तर केंद्राने जाहीर केलेला हमीभाव ४,८९२ रुपये होता. खरेदी केंद्रांवर १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा माल परत जात होता, आणि परतीच्या पावसात निघालेल्या सोयाबीनमध्ये बारा टक्के ओलावा म्हणजे वाळवायला रिकामे अंगण आणि कोरडे ऊन, दोन्ही हवे. विधानसभेच्या प्रचारात सत्ताधाऱ्यांनी सहा हजारांचे आणि विरोधकांनी सात हजारांचे आश्वासन दिले. सात हजार हा आकडा नवा नव्हता. युद्धाच्या पहिल्या महिन्यात लातूरच्या बाजारात तो कोणी आश्वासन न देता निघाला होता.

निवडणुकीच्या आधी, १४ सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्राने कच्च्या खाद्यतेलांवरील एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. तेलाची पिशवी लगेच महागली. सोयाबीन फारसे हलले नाही, कारण इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात येऊ लागला होता आणि पेंडीला उठाव नव्हता. ३० मे २०२५ रोजी महागाईचे कारण देऊन कच्च्या तेलांवरील शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांपर्यंत उतरवण्यात आले, मराठवाड्यात पेरणीला हात लागण्याच्या ऐन तोंडावर. त्या खरिपासाठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला.